स्वमत पाठ करायचं नसतं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि आजचा विद्यार्थी’ हा विषय सुचवला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा ते साहजिकच होतं. पण गेली चार वर्षं मी शनिवारी सकाळी महापालिकेच्या एका शाळेत जाऊन सहावी-सातवीच्या मुलांबरोबर इंग्रजी गोष्टी वाचते. त्या दोन तासांनी मला जे विचार करायला लावलं, ते आज आपल्या सरांसमोर आणि बाईंसमोर बोलावं असं वाटलं. म्हणून संयोजकांच्या परवानगीने विषय थोडा वळवून घेतला आहे. नवी भाषा शिकणारं मूल त्या भाषेतला धडा वाचतं, तेव्हा त्याला स्वतःला त्याबद्दल काय वाटलं हे सांगता यावं, यासाठी आपण काय करू शकतो, असा माझा विषय. तंत्रज्ञानही त्यात येईल, संयोजकांनी काळजी करू नये!

आपल्यातल्या माझ्या वयाच्या आणि त्याआधीच्या सगळ्यांना इंग्रजी भेटलं ते पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, तोवर आपण शाळेतून बाहेर पडलो होतो. तरी दहावीपर्यंत आपण उताऱ्यावरचे प्रश्न सोडवण्यात तरबेज झालो. पद्धत सगळ्यांना आठवत असेल. प्रश्नात ‘व्हेअर’ असेल तर गावाचं नाव शोधायचं. ‘व्हेन’ असेल तर साल किंवा वार. ‘व्हाय’ असेल तर ‘बिकॉज’ कुठे आहे ते बघायचं. प्रश्नातला सगळ्यात मोठा शब्द उताऱ्यात सापडला की ते वाक्य उचलायचं, ‘डिड’ काढून क्रियापदाचा भूतकाळ करायचा, झालं उत्तर. पाचपैकी पाच.

ही पद्धत किती पक्की आहे ते आत्ता करून बघू. मी एक वाक्य म्हणते: ‘टिमकू झपऱ्यावर लुबला, कारण त्याला फेंगाची चिरकी आली होती.’ आता प्रश्न: टिमकू झपऱ्यावर का लुबला?

बघा, मागच्या रांगेतूनसुद्धा उत्तर आलं! टिमकू कोण, झपऱ्या म्हणजे काय, चिरकी येते की लागते, कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. पण उत्तर बरोबर आहे आणि परीक्षेत पूर्ण मार्क आहेत.

आता तंत्रज्ञान. २०१६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकांसाठी एक परीक्षा तयार केली. तिचं नाव ‘स्क्वाड’. विकिपीडियातले उतारे आणि त्यांवर एक लाखाहून जास्त प्रश्न. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे त्या उताऱ्यातलाच एक तुकडा. म्हणजे आपला उताऱ्यावरचा प्रश्नच, फक्त विद्यार्थी वेगळा. तुलनेसाठी माणसांचेही गुण मोजून ठेवले होते, शंभरात साधारण ८२.३. जानेवारी २०१८ मध्ये अलिबाबा आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांच्या प्रणाली या आकड्याच्या किंचित पुढे गेल्या आणि संगणक माणसापेक्षा चांगलं वाचतो अशा बातम्या जगभर आल्या.

पण त्याआधीच, २०१७ साली, स्टॅनफर्डमधल्याच दोन संशोधकांनी एक साधी परीक्षा घेऊन बघितली होती. त्यांनी उताऱ्यात एक जादा वाक्य घातलं. त्यातले शब्द प्रश्नातल्या शब्दांसारखे, पण त्याचा खऱ्या उत्तराशी संबंध नाही. लक्ष देऊन वाचणारा माणूस अशा वाक्याने सहसा फसत नाही. सोळा प्रणाली तपासल्या, त्यांचे सरासरी गुण ७५ वरून ३६ वर आले. त्या शब्द जुळवत होत्या, आपण दहावीत जुळवत होतो तसेच.

आज संगणक खूप पुढे गेले आहेत. आता उतारा आणि प्रश्न मोबाइलला दाखवले की क्षणात उत्तर मिळतं, तेही शुद्ध इंग्रजीत. म्हणजे उताऱ्यात दडलेलं उत्तर शोधून काढणं, एवढंच जर आपण मुलांना वाचन म्हणून शिकवणार असू, तर ते काम करायला त्यांच्या खिशात आधीच कुणीतरी बसलेलं आहे.

याचा परिणाम मी शाळेपेक्षा ऑफिसात जास्त बघते. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावांतून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुलं-मुली आमच्याकडे असतात. त्यांचा कोड उत्तम असतो. चार पानी इंग्रजी दस्तऐवज दिला तर वाचून नीट समजून घेतात. मग मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं, ‘व्हॉट डू यू थिंक?’ आणि ती गप्प होतात. नाहीतर दस्तऐवजातलं दुसरं वाक्य जसंच्या तसं म्हणतात. समोरच्याला वाटतं, याला काही मत नाही. चहाच्या टेबलावर तोच मुलगा मराठीत मला सांगतो की ताई, ही रचना सहा महिन्यांत कोसळणार, आणि का कोसळणार हेही बरोबर सांगतो. त्याला मत आहे. इंग्रजीत आपलं मत असू शकतं, याची सवय त्याला बारा-पंधरा वर्षांत कुणी लावलेली नाही. त्या भाषेत त्याने फक्त दुसऱ्याच्या प्रश्नांची दुसऱ्याची उत्तरं दिली. याची किंमत तो पगारात आणि बढतीत मोजतो.

म्हणून शनिवारच्या वर्गाबद्दल सांगते. सातवीचा वर्ग, तीस-बत्तीस मुलं. घरी कुणी मराठी बोलतं, कुणी हिंदी, कुणी लमाणी, कुणी कन्नड. आम्ही टोपीवाला आणि माकडं ही गोष्ट सोप्या इंग्रजीत वाचली. तुम्हाला माहीत आहेच: टोपीवाला झाडाखाली झोपतो, माकडं टोप्या पळवतात, तो आपली टोपी खाली फेकतो, माकडंही फेकतात. पुस्तकातला प्रश्न होता, माकडांनी काय केलं? सगळ्यांना आलं. मग मी विचारलं, ‘गोष्ट संपली तेव्हा टोपीवाल्याला कसं वाटलं असेल? तुम्हाला काय वाटतं?’ बहुतेकांनी लिहिलं, ‘ही वॉज हॅपी.’ एका मुलीच्या वहीत तीन-चार शब्द होते: ‘कॅप डर्टी. हू बाय?’

तिच्या घरी रस्त्यावर कपडे विकायचा धंदा आहे. टोपी झाडावरून मातीत पडली की तिचं काय होतं, हे वर्गात फक्त तिला कळलं होतं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण टोप्या मळल्या असतील हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ते वाक्य व्याकरणाने बघितलं तर त्यात ‘इज’ नाही, ‘विल’ नाही. पण त्या दिवशी वर्गात इंग्रजी वाचलं असं कुणी असेल, तर ती मुलगी.

मी फळ्यावर लिहिलं, ‘द कॅप्स आर डर्टी. हू विल बाय देम?’ आणि वर्गाला विचारलं, खरंच, कोण घेईल? मग धुऊन विकाव्यात, कमी भावात विकाव्यात, माकडांनाच देऊन टाकाव्यात, अशी अर्धा तास चर्चा चालली. ‘वॉश’, ‘चीप’, ‘लॉस’ हे शब्द मुलांनी माझ्याकडून मागून घेतले. मागून घेतलेला शब्द विसरत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने ‘टीचर’ या १९६३ सालच्या पुस्तकात हेच सांगितलं आहे. त्या रोज प्रत्येक मुलाला विचारत, तुला कोणता शब्द हवा? मुलं आपल्या भीतीतले, आपल्या मायेतले शब्द मागत, आणि तेच शब्द त्यांना एकदा बघून वाचता येत.

यामागे विचारही जुना आहे. अमेरिकेतल्या लुईस रोझेनब्लॅट या विदुषींनी १९३८ साली पुस्तक लिहून मांडलं की कलाकृतीचा अर्थ छापील पानावर तयार स्थितीत पडलेला नसतो. वाचणारा आपलं आयुष्य घेऊन त्या पानापाशी येतो, तेव्हा तो घडतो. पुढे १९७८ सालच्या पुस्तकात त्यांनी वाचनाच्या दोन तऱ्हा सांगितल्या. मुलाने विषारी काही प्यायलं म्हणून आई बाटलीवरचं लेबल वाचते, तेव्हा तिला फक्त उपाय हवा असतो. गोष्ट किंवा कविता वाचताना मात्र वाचता वाचता आपल्या आत काय चाललं आहे, तेच महत्त्वाचं. शाळेत आपण कविताही औषधाच्या लेबलसारखी वाचतो, ही अडचण आहे. आणि आपल्याकडे तर त्याहून कितीतरी आधी, हजारएक वर्षांपूर्वी, अभिनवगुप्तांनी वाचकाला ‘सहृदय’ म्हटलं. नुसता ‘वाचक’ म्हणून ते थांबले नाहीत.

आपल्या बोर्डानेही हे ओळखलं आहे. हल्लीच्या दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ असा प्रश्न असतो. मला फार आनंद झाला होता तो बघून. मग भाचीच्या गाईडमध्ये पाहिलं, तर स्वमतही छापलेलं! ती डोळे मिटून ‘माझ्या मते’पासून पाठ करत होती. मी विचारलं, तुझं मत काय गं? म्हणाली, ‘मावशी, थांब ना, अजून दोन ओळी राहिल्यात.’

तेव्हा स्वमत मागून मिळत नाही. त्याला जागा करून द्यावी लागते. चार वर्षांत मला ज्या गोष्टी उपयोगी पडल्या, त्या सांगते.

पहिली, मजकूर सोपा हवा. पॉल नेशन हे भाषाशिक्षणातले मोठे अभ्यासक. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात असं दिसलं की मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक नवा. ज्या पानावर दर ओळीला ठेच लागते, त्याबद्दल मुलाला एकच गोष्ट वाटू शकते, ती म्हणजे कंटाळा. सातवीच्या मुलाला तिसरीचं पुस्तक द्यायला लाजू नये. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथे पातळीनुसार लावलेल्या, मराठी-इंग्रजी आणि इतर कित्येक भाषांतल्या गोष्टी फुकट मिळतात.

दुसरी, आधी लिहायचं, मग बोलायचं. दोन-तीन मिनिटं पूर्ण शांतता. नाहीतर पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे ‘सेम, मॅडम’ म्हणतात. लिहायचं कोणत्याही भाषेत. मराठीत, हिंदीत, अर्धं इंग्रजीत. चित्र काढलं तरी चालेल. काही पालकांना वाटतं, इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला? पण विचार तर आधी व्हायला हवा, मग त्याला इंग्रजी कपडे घालता येतील. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलांच्या अनेक भाषांना वर्गातलं साधन मानलं आहे.

तिसरी, प्रश्न नेमका हवा. ‘गोष्ट आवडली का?’ याला ‘येस, मॅडम’ याखेरीज उत्तर येत नाही. ‘तात्पर्य काय?’ विचारलं की ‘दुपारी झोपू नये’. त्याऐवजी विचारावं: कुठे थांबावंसं वाटलं? कोणाचं वागणं पटलं नाही? दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? तुला कुठलं खोटं वाटलं? सोबत भिंतीवर चार-पाच वाक्यांची सुरुवात लिहून ठेवावी: ‘आय थिंक…’, ‘आय डोन्ट बिलीव्ह…’, ‘इन माय हाउस ऑल्सो…’, ‘आय वॉन्ट टू आस्क…’. मुलाकडे मत असतं, पहिले दोन शब्द नसतात. ते द्यावेत.

चौथी, ‘कशावरून?’ हे विचारायला विसरू नये. मनाला येईल ते बोलायचं, असा याचा अर्थ नाही. एक मुलगा म्हणाला, टोपीवाला गरीब नव्हता. कशावरून? सगळे पुन्हा पुस्तकात घुसले. टोपल्या किती होत्या, कुठल्या गावी चालला होता, डबा होता का, सगळं शोधून काढलं. तीच गोष्ट तिसऱ्यांदा वाचली, न सांगता. आधी उत्तर शोधायला वाचत होते, आता भांडायला वाचत होते. भाषा त्या तिसऱ्या वाचनात पक्की होते.

पाचवी, चूक दुरुस्त करायची, पण मुद्द्याला उत्तर देता देता. ‘कॅप डर्टी’वर लाल रेघ ओढली असती, तर त्या मुलीने पुन्हा ‘ही वॉज हॅपी’च लिहिलं असतं. ते बिनचूक आहे. बरोबर रूप आपल्या बोलण्यातून तिच्या कानावर घालायचं आणि पुढे जायचं. व्याकरणाचा तास वेगळा आहे, तो लागतोच.

सहावी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्वतःबद्दल बोल असं म्हणताना मुलाच्या घरात शिरायचं नाही. गोष्टीत वडील आले म्हणून ‘तुझ्या वडिलांबद्दल लिही’ असं म्हणणं सोपं असतं. पण कुणाचे वडील नसतात, कुणाचे असून नसल्यासारखे असतात, आणि ते मूल वही झाकून बसतं. म्हणून माझ्या वर्गात दोन सोयी आहेत. कुणीही ‘पास’ म्हणू शकतं, कारण विचारायचं नाही. आणि कुणीही गोष्टीतल्या पात्राच्या तोंडून बोलू शकतं. ‘माकडाला काय वाटलं’ असं लिहिताना कित्येक मुलं स्वतःचंच लिहितात. आपल्याला ते कळतं, पण कळलं असं दाखवायचं नाही.

एवढं केल्याने मुलांचे चाचणीतले मार्क एकदम वाढले, असं मी म्हणणार नाही. पण सुरुवातीला एक शब्द लिहिणारी मुलं आता चार ओळी लिहितात, आणि मी एक शनिवार गेले नाही तर विचारतात. शिक्षकांच्या अडचणीही मला माहीत आहेत. साठ मुलांचा वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम, वरून शाळाबाह्य कामं. मी आठवड्यातून एकदा जाते आणि परत येते. रोज शिकवणाऱ्यांनी मला शिकवावं असंच खरं तर आहे. म्हणून आमच्या आजच्या सर-बाईंना विनंती एवढीच: प्रत्येक धड्याला एकच प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर गाईडमध्ये नाही आणि तुमच्याकडेही नाही. दहा मिनिटांचा. त्याला मार्क देऊ नका. मार्क दिले की पुढच्या वर्षी ते छापून येईल. कुणी मोबाइलवरून लिहून आणलं तरी बिघडत नाही. ‘कशावरून?’ विचारलं की ते मत कोणाचं आहे ते वर्गाला आपोआप कळतं.

आणि दुसरी विनंती तुम्हाआम्हाला. आपण सगळ्या तुकड्यांनी मिळून शाळेला वाचनकक्ष द्यायचं ठरवलं आहे. कपाटं, पुस्तकं, पंखे, सगळ्याची यादी झाली आहे, देणगीदारांची नावं कोरायचा फलकसुद्धा ठरला आहे. आपल्यातल्या बहुतेकांची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, माझीही आहे. आज या शाळेच्या बाकांवर जी मुलं बसतात, त्यांच्या घरात इंग्रजीत ‘तुला काय वाटलं?’ असं विचारणारं कुणी नाही. पुस्तकं आपण विकत घेऊ शकतो, पण विचारणारं माणूस विकत मिळत नाही. म्हणून यादीत आणखी दोन गोष्टी लिहून घ्या.

एक, प्रत्येक कपाटात एक कोरी वही. पुस्तक वाचून झालं की मुलाने त्यात दोन ओळी लिहायच्या, हव्या त्या भाषेत, आणि पुढच्याने त्या वाचून आपल्या दोन लिहायच्या. त्या वहीला लाल पेन लागणार नाही, असं मुख्याध्यापकांनी आजच जाहीर करावं. दोन, आपल्यापैकी गावात राहणाऱ्या दहा जणांनी महिन्यातून एक तास द्यावा. फार चांगलं इंग्रजी येत नाही, ही सबब चालणार नाही. मुलांबरोबर बसून एक गोष्ट वाचायची, एक प्रश्न विचारायचा, आणि आपलं मत सगळ्यात शेवटी सांगायचं. बाहेरगावी राहणारे आपण सुट्टीत आलो की एक तास देऊ. माझा तास दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी लावून ठेवा.

बाहेर दाराजवळच्या टेबलावर नावं लिहायला कागद ठेवला आहे. जेवणाआधी तिकडून जावं.